पोटातलं घराणं

नवऱ्याच्या छातीत दुखतंय हे कळलं तेव्हा जयमाला लोखंडे घाबरली. पण त्याच्या पोटात काय सापडलं हे कळलं, तेव्हा मात्र तिच्या अंगाचा तिळपापड झाला. घाबरलेल्या बाईला चार शब्दांनी धीर देता येतो हो. तिळपापड झालेल्या बाईला कोण काय देणार?

निवास लोखंडे हा माणदेशातल्या वाळेगावचा डाळिंबाचा व्यापारी. वाळेगावात आता फवारणी ड्रोन करायचे, फळांची प्रतवारी यंत्राचा डोळा करायचा, मालाचा टेम्पोसुद्धा ड्रायव्हरशिवाय हायवेपर्यंत जाऊन यायचा. पण उभ्या बागेवर नजर टाकून "एवढा माल निघंल" असं सांगायला अजून निवासच लागायचा. उभा जन्म डाळिंबात गेला, पण गड्यानं स्वतः फळ कधी तोंडात टाकलं नाही. दाणे सोलत बसायचा कंटाळा. हलवाई कुठं स्वतःची मिठाई खातो?

एके दिवशी बागेतून येताना तो बांधावरच छाती धरून बसला. तालुक्याच्या हृदयतपासणी केंद्रात नेलं. तिथली डॉक्टर केतकी बाबर, वयानं यांच्या पोरीएवढी, बोलायला मोठी गोड.

"काका, रक्तवाहिनीला जिथं फाटा फुटतो, नेमका तिथंच अडथळा आहे. स्टेंट बसवायला जागा अवघड. बायपास होईल, पण तुमची साखर आणि फुप्फुसं बघता मला तो मार्ग शेवटचा ठेवायचाय. गोळ्या चालू राहतील. आणि जोडीला सहा महिने आपण डाळिंबावर काढू."

"मॅडम, म्या जन्मच डाळिंबावर काढलाय की!" निवास म्हणाला.

डॉक्टरीण हसली आणि तिनं समजावून सांगितलं. डाळिंबाच्या रसात आणि सालीच्या आतल्या पिवळ्या पापुद्र्यात एक तुरट द्रव्य असतं. ते तसंच पोटात गेलं तर फारसा उपयोग नाही, आलं तसं निघून जातं. पण काही थोड्या माणसांच्या आतड्यात एका जातीचे जीवाणू असतात. ते त्या तुरट द्रव्याचे बारीक तुकडे करतात आणि त्यातून एक नवंच रसायन तयार होतं. शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं होतं दाडिमीन. हे दाडिमीन रक्तात उतरलं की रक्तवाहिनीच्या भिंतीची सूज ओसरते आणि तिथं साचलेला चरबीचा थर हळूहळू विरघळतो. ज्याच्या पोटात ते जीवाणू नाहीत, त्यानं अख्खी बाग खाल्ली तरी जीभ लाल होण्यापलीकडं काही व्हायचं नाही.

"आणि काका, तुमच्या पोटात ते आहेत! इतकी वर्षं बिचारे उपाशी बसलेत. आता त्यांना रोज सकाळी पापुद्र्यासकट काढलेला रस द्यायचा."

मग तिनं निवासच्या छातीवर एक बारीक गोल चकती चिकटवली. सगळे तिला टिकलीच म्हणायचे. रक्तात दाडिमीन पुरेसं असलं तर टिकली हिरवी, कमी पडलं की पिवळी, आणि तांबडी झाली तर तडक दवाखान्यात यायचं. नवऱ्याच्या छातीवर टिकली बघून जयमालाला त्या तणावातही हसू फुटलं. तेवढंच. कारण पुढचं वाक्य ऐकून ते हसू जे गेलं, ते बरेच महिने परत आलं नाही.

"गंमत म्हणजे तुमचं घराणंही लागलं," डॉक्टरीण म्हणाली.

"घराणं?"

"हे जीवाणू वाऱ्यानं येत नाहीत, काकू. माणसाकडून माणसाकडं जातात, खाण्यातून. आणि बारा कोसांवर भाषा बदलते ना, तसे हेही घरोघरी थोडेथोडे बदलतात. त्यामुळं कुणाचे कुणाशी जुळतात ते यंत्र ओळखतं. आम्ही त्याला घराणं म्हणतो. काकांचं घराणं आमच्याकडं आधीच आहे. तुमच्याच गावच्या छायाताई साळुंखे. रोपवाटिका आहे ना त्यांची? त्यांनी स्वतःहून नाव दिलंय, कुणाला उपयोग झाला तर सांगा म्हणून. अगदी तंतोतंत जुळतं."

डॉक्टरणीनं पडद्यावर एका रंगाचे दोन ठिपके दाखवले; जयमालाच्या नावापुढं जागा कोरी होती. जयमालाचा चेहरा उतरला. पण तिनं आवाज साधा ठेवला. "एकदा-दोनदा कुणाकडं चहा-फराळ केला तरी होतं का हो असं?"

"छे! वर्षानुवर्षं एका हाताचं खावं लागतं. आणि खाणं थांबलं, की काही वर्षांत तेही निघून जातात. म्हणून तर मला नवल वाटतं. नवरा-बायकोत सहसा सारखेच जीवाणू असतात, पण तुमच्या तपासणीत एकही नाही. दोघांच्या खाण्यात काही वेगळं आहे का?"

"काही नाही," जयमाला म्हणाली. "एका पातेल्यातलं खातो आम्ही."

वर्षानुवर्षं एका हाताचं. परतीच्या वाटेवर हे तीन शब्द जयमालाच्या डोक्यात जात्यासारखे गरगरत राहिले.

आता ही छाया कोण, ते सांगायला हवं. निवाससाठी बघितलेली पहिली मुलगी म्हणजे छाया. आई-बापाला घेऊन निवास तिच्या घरी पोहे खाऊन आला होता, मुलगी पसंतही होती म्हणे, पण पत्रिकेनं घोडं अडवलं. मग जयमालाचं स्थळ आलं आणि ती लोखंड्यांची सून झाली. इथवर ठीक होतं. पण दैवाचा खेळ बघा, छायालाही दिली ती वाळेगावातच, साळुंख्यांच्या घरी! पुढं साळुंखे गेले. छायानं एकटीच्या हिमतीवर डाळिंबाची रोपवाटिका उभी केली, बाग राखली. त्या बागेचा माल कोण घ्यायचं? निवास. महिन्यातून चार फेऱ्या. आणि फेरीच्या दिवशी निवास इस्त्रीचा शर्ट घालतो, हे जयमालानं कधीच हेरलेलं होतं. तो इतर बागांनाही इस्त्रीचाच शर्ट घालून जातो, हे मात्र तिनं कधी हेरलं नाही. संशयाला एवढं कुठलं दिसायला!

त्या दुपारी तिनं जेवायला वाढलं. भाकरी, वांग्याची भाजी, आणि नेहमीसारखं वाटीभर दही. जयमालाच्या हातचं दही गावात नावाजलेलं. मातीच्या गाडग्यात लावलेलं, चमचा घातला तर वडी निघावी, पाण्याचा टिपूस सुटायचा नाही. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं, म्हणजे आत्याबाईंनी, पहिल्याच आठवड्यात ते गाडगं तिच्या हाती दिलं होतं. "सोनं मोडलं तर मोडू दे, पण हे विरजण मोडू देऊ नको," असं बजावलं होतं. तेव्हापासून एकही संध्याकाळ चुकली नव्हती. बाळंतपणात, सुतकात, लग्नकार्यात, कुणी ना कुणी कालच्या दह्याचा चमचा आजच्या दुधात घातलाच होता.

निवासनं दह्यात भाकरी कुस्करली. "तू पण बस की."

"मी बसेन हो. तुमचं पोट भरलेलं असेल ना? साळुंख्यांकडं काय काय असतं जेवायला?"

निवासनं मान वर केली. "खुळी का काय तू? तिथं चहाबिगर कशाला तोंड लावलं न्हाई म्या."

"यंत्र खोटं बोलतं?"

"यंत्राचं मला काय म्हाईत! पण म्या खोटं बोलत न्हाई."

"पहिली पसंती ती पहिली पसंती. माणूस विसरत नाही."

"जयमाला, बास कर! छातीला टिकली लावून बसलोय मी हितं, आन् तू..."

"छातीला माझी टिकली, आणि पोटात तिचं घराणं!" जयमाला ओरडली. तिनं त्याच्या पुढची दह्याची वाटी उचलली आणि मोरीत भिरकावली. तेवढ्यानं समाधान होईना, म्हणून फडताळातलं गाडगंही उचललं आणि उंबऱ्याबाहेर आपटलं. पांढरंशुभ्र दही अंगणभर झालं. "जा, खा तिच्याच हातचं!"

गाडग्याची खापरं गोळा करताना तिला रडू आलं. आत्याबाईंचे शब्द आठवले. पण मत्सर असा असतो की तो रडूसुद्धा नीट रडू देत नाही. दुसऱ्या दिवसापासून घरात डेअरीचं पिशवीतलं दही आलं. निवासनं ते मुकाट खाल्लं. गोडसर लागतं एवढंच म्हणाला.

सकाळचा रस मात्र सुरू झाला. जयमाला स्वतः डाळिंब फोडायची, पापुद्र्यासकट दाणे यंत्रात घालायची आणि पेला त्याच्या हातात द्यायची. टिकली हिरवी झाली. दम लागणं कमी झालं. निवासच्या तोंडावर तुकतुकी आली. कुठलीही बायको देवापुढं साखर ठेवेल. जयमालाला मात्र ती हिरवी टिकली दिसली की पोटात आग पडायची. रस मी काढते, पण बरं कोण करतंय? छाया. माझ्या नवऱ्याला आतून धरून कोण बसलंय? छाया. रात्री उशाशी मी, आणि तो श्वास घेतोय तो तिच्या जोरावर! तिला तो हिरवा रंगच नकोसा झाला. हिरवी लुगडी तिनं कपाटाच्या तळाला घातली. आता हसावं का रडावं?

एक दिवस औषधांचा डबा आवरताना तिला स्वतःच्या दाढेच्या वेळच्या उरलेल्या गोळ्या दिसल्या. त्या देताना दवाखान्यातली नर्स म्हणाली होती, "ह्या जालीम असतात मावशी. पोटातले चांगले जीवाणूसुद्धा मारून टाकतात."

जयमाला तो पुडा हातात घेऊन बराच वेळ उभी राहिली. नवऱ्याचं वाईट व्हावं असं तिच्या स्वप्नातही नव्हतं, हे आधी सांगतो. तिनं मनाची समजूत अशी घातली: डॉक्टरकडं औषधं काय कमी आहेत? हा अडथळा दुसऱ्या कशानं निघेल. पण ही बाई एकदा निघाली पाहिजे.

"ही पोटाची गोळी घ्या," संध्याकाळी तिनं निवासला सांगितलं. "रसानं पोट बिघडू नये म्हणून."

निवासनं कसली गोळी, कुणी दिली, काही विचारलं नाही. बायकोनं दिलंय म्हणजे ठीकच असणार. पुडा संपेपर्यंत त्यानं ती रोज घेतली.

आठवडा उलटायच्या आत टिकली पिवळी पडली. जयमालानं रस दुप्पट केला. फरक शून्य. निवास पुन्हा जिन्यावर थांबायला लागला. आणि एका सकाळी पेला हातातच राहिला, निवास भिंतीला टेकला, आणि शर्टाच्या आड टिकली तांबडी भडक झाली.

केंद्रात नेल्यावर डॉक्टरांनी त्याला ऑक्सिजन लावला, इंजेक्शनं दिली. तासाभरानं तो बोलायला लागला. मग डॉ. केतकीनं दोघांना समोर घेतलं. तिचा गोडवा त्या दिवशी कमी झाला होता.

"काका, पोटातले जीवाणू गेलेत. सगळे. असं आपोआप होत नाही. कुठलं अँटिबायोटिक घेतलंत?"

निवासला क्षणभर काही कळेना. "अँटि... न्हाई बा. ती पोटाची गोळी तेवढी, हिनं..."

आणि त्यानं जयमालाकडं बघितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. माणूस डाळिंबाच्या बागा बघून म्हातारा झालेला, वरून साल बघून आतलं ओळखणारा. त्याला सगळं समजलं.

"दाढ ठणकत हुती, मॅडम," तो शांतपणे म्हणाला. "घरात गोळ्या पडल्या हुत्या. म्याच घेतल्या. हिला सांगितलं न्हाई."

"अहो, मरायचंय का तुम्हाला?" डॉक्टरीण चिडली. "आता ऐका. आत्ता या अवस्थेत बायपास म्हणजे मोठा धोका. ते जीवाणू परत रुजवणं हाच बरा मार्ग, आणि दुसऱ्या घराण्याचे काकांच्या पोटात धरतीलच असं नाही. छायाताईंना विचारा. त्यांच्याकडून नमुना घेऊ, कॅप्सूल करू. त्या हो म्हणाल्या तर."

निवासला केंद्रात ठेवून घेतलं. जयमाला त्याच्या खाटेशी बसली.

"का झाकलंत तुम्ही?" शेवटी ती म्हणाली. "मी मारत होते तुम्हाला. तिला तुमच्या पोटातून काढायचं होतं मला."

"ठावं हाय."

"मग शिव्या द्या की! हात उगारा!"

"शिव्या देयाला दम न्हाई छातीत," निवास म्हणाला. मग म्हणाला, "तू एवढी जळतीस माझ्यापायी, हे आधी सांगितलं असतंस तर शर्टाची इस्त्री तरी मोडली असती. आता जा. माझ्यासाठी म्हणून न्हवं, तुझं तुला बघून ये. मी तिथं कधी जेवलो का, तिलाच इचार."

जयमाला छायाच्या दारात पोचली तेव्हा दिवेलागण होत आली होती. छाया रोपांना पाणी देऊन नुकतीच घरात आली होती. हडकुळी, उन्हानं रापलेली, केस पांढरे होऊ लागलेले. जयमालानं मनात जी रंभा रंगवली होती, तिचा ह्या बाईत मागमूस नव्हता. आणि तेवढ्यावरही जयमालाला वाटून गेलं, हिचे डोळे मात्र चांगले आहेत, मेलीचे.

"वहिनी? तुम्ही? या, या. कसे आहेत ते?"

जयमालानं उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गोळ्यांचंसुद्धा. छाया ऐकून सुन्न झाली.

"नमुना कशाला, जीव मागा," ती म्हणाली. "उद्याच येते मी केंद्रात. पण वहिनी, देवाशपथ सांगते, त्यांनी या घरात चहाशिवाय काही घेतलं नाही. खा म्हटलं तरी म्हणतात, घरी वाट बघत असतील. मलाही कळेना, डॉक्टरीणबाई असं कसं म्हणाल्या ते." मग तिनं पदर खोचला. "सकाळपासून पोटात काही नसेल तुमच्या. बसा. दोन घास खा."

नको नको म्हणताना ताट आलं. भात, आमटी, आणि वाटीत दही.

जयमालानं दह्याकडं बघितलं, आणि बघतच राहिली. छायानं चमचा घातला होता तिथं स्वच्छ वडी निघाली होती. कडेला पाण्याचा टिपूस नाही. वर पिवळसर सायीचा पापुद्रा. तिनं वाटी नाकाशी नेली. किंचित आंबूस, धुरकट, गाडग्याचा वास. रोज संध्याकाळी फडताळ उघडलं की येणारा. स्वतःचं पोर बाजारात हरवून परक्याच्या कडेवर दिसावं, तसं तिला झालं.

"हे विरजण कुणाचं?" तिनं विचारलं.

"तुमच्याच घरचं की!" छाया म्हणाली. "म्हणजे मुळात आमच्या माहेरचं. तुम्हाला माहीत नाही? तुमच्या सासूबाई मला बघायला आल्या होत्या ना, तेव्हा पोह्यांवर दही वाढलं होतं आईनं. पत्रिका काही जुळली नाही. पण निरोप सांगायला आलेल्या माणसाच्या हाती त्यांनी वाटी पाठवली होती. म्हणाल्या, मुलगी नशिबात नाही, पण विरजण तेवढं द्या."

जयमालानं कपाळावर हात मारला. सून नेली नाही, विरजण नेलं! आणि ते आपल्या हाती दिलं, मोडू नको म्हणून. इतकी वर्षं मी हिचंच दही रोज संध्याकाळी निजवत होते आणि रोज दुपारी नवऱ्याला वाढत होते. वर्षानुवर्षं एका हाताचं. तो हात माझाच होता!

"मग पुढं दुष्काळात," छाया सांगत होती, "आमची म्हैस चारा छावणीत गेली आणि विरजण मोडलं. मी तुमच्या सासूबाईंकडं मागायला आले. तुम्ही माहेरी होता. त्यांनी दिलं. वाटीत आहे ते त्यातलंच." ती जवळ सरकली. "खरं सांगू वहिनी? ते आणलं, पण आठ दिवस मी तोंडाला लावलं नाही. म्हटलं, ज्या बाईनं माझी जागा घेतली तिच्या हातचं मी का खाऊ? मग वाटलं, दह्यावर कसला राग."

जयमालाला आयुष्यात पहिल्यांदा कळलं की आपलाही कुणी हेवा केलाय. खरं सांगायचं तर तिला जरा बरंच वाटलं.

"खा ना," छाया म्हणाली.

"मी दही खात नाही. काशीला सोडलं." बोलताना जयमालाची जीभ तिथंच थांबली.

काशीला गेलं की आवडीची एक वस्तू सोडायची रीत. शहाण्या बाया कारलं सोडतात, दुधी भोपळा सोडतात. आत्याबाईंबरोबर काशीला गेलेली जयमाला मात्र खुळ्यासारखी खरंच जिवाभावाची वस्तू, दही, सोडून आली होती. ताकसुद्धा नाही, कढीसुद्धा नाही. आणि सोडलेल्या वस्तूचं पुन्हा नाव काढायचं नाही, असं आत्याबाईंनी बजावलेलं. म्हणून डॉक्टरणीनं "दोघांच्या खाण्यात काही वेगळं आहे का" म्हणून विचारलं, तेव्हा तिच्या ओठांवर दही आलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच.

"छायाताई, मला विरजण द्या," ती उठून म्हणाली. "कॅप्सूल होईल तेव्हा होईल. मी ह्यानंच बरं करीन त्यांना."

"आत्ता? दिवे लागले वहिनी. तिन्हीसांजेला विरजण घराबाहेर देत नाहीत." छायानं मान हलवली. मग म्हणाली, "नेता येत नाही. पण खाता येतं."

जयमाला पुन्हा बसली. वाटी हातात घेतली. काशीचा घाट आठवला, ओंजळीतून सोडलेलं पाणी आठवलं. आणि मग तिला दिसलं ते केंद्रातलं पडदाभर चित्र: निवास आणि छाया एका घराण्याचे, एका रंगाचे दोन ठिपके, आणि स्वतःच्या नावापुढं कोरी जागा.

"देवा, तुझं तू बघ," ती मनातल्या मनात म्हणाली, आणि पहिला घास घेतला.

त्या रात्री ती छायाकडंच राहिली. सकाळी उजाडल्यावर छायानं विरजणाची वाटी तिच्या हाती दिली आणि दोघी मिळून केंद्रात गेल्या. छायानं नमुना दिला. वाटीतल्या दह्याचीही तपासणी झाली, आणि डॉ. केतकीचे डोळे विस्फारले. हे जीवाणू दह्यात तग धरतात, हे तोवर कुणाला ठाऊकच नव्हतं. तिनं पुण्याला फोन लावले, मुंबईला फोन लावले. जयमालाला त्यातलं काही ऐकायला वेळ नव्हता. तिला नवं गाडगं आणायचं होतं.

रुजायला वेळ लागला. टिकली महिनाभर पिवळीच राहिली, आणि त्या महिन्यात जयमाला किती वेळा उठून निवासच्या नाकाशी हात धरून बसली, ते तिचं तिलाच ठाऊक. मग एका सकाळी रस पिऊन तो बंडी घालत होता, आणि ती ओरडली, "थांबा! हलू नका!" कडेनं बारीक हिरवी कोर उमटली होती. जयमालानं कपाटाच्या तळातून हिरवं लुगडं काढलं आणि त्याच दिवशी नेसली.

सहा महिन्यांनी डॉक्टरणीनं रक्तवाहिनीचं चित्र दाखवलं. अडथळा निम्म्याच्या खाली आला होता. "बायपास आत्ता तरी नको," ती म्हणाली. "आणि काकू, तुमची तपासणी केली. तुमच्यातही रुजलेत! तेच घराणं."

"नाव काय लिहिलंय त्या घराण्याचं?" जयमालानं विचारलं.

"साळुंखे. पहिला नमुना त्यांचा ना."

"लोखंडे-साळुंखे लिहा," जयमाला म्हणाली. "लोखंडे आधी. मधल्या काळात सांभाळलं कुणी?"

डॉक्टरणीनं निवासकडं बघितलं. निवासनं छताकडं बघितलं.

घरी आल्यावर दोघं जेवायला बसली. जयमालानं आधी स्वतःच्या वाटीत दही घेतलं, सायीसकट, मग त्याला वाढलं. काशीला जे सोडलं त्याबद्दल ती देवाला रोज हात जोडायची आणि रोज वाटीही चाटूनपुसून खायची.

"छायाची वाटी अजून आपल्याकडंच हाय," निवास म्हणाला. "द्यायला पाहिजे."

"रिकामं भांडं परत करत नाहीत," जयमाला म्हणाली. उठली, वाटी घासून आणली आणि गाडग्यातलं दही तिच्यात काढलं. चमच्यानं वडी निघाली, पाण्याचा टिपूस नाही. तिनं वाटी उजेडात धरून निरखली. "बघा. तिच्यापेक्षा घट्ट लागलंय का नाही? खरं सांगा."

"घट्ट हाय," निवास म्हणाला. दुसरं काही म्हणण्याइतका तो अडाणी नव्हता. "आण, उद्या बागेकडं जाणारच हाय मी. देऊन येतो."

जयमालानं वाटी त्याच्या पुढं केली. त्यानं हात लावला. तशी तिनं ती पुन्हा ओढून घेतली आणि पदराखाली धरली.

"राहू द्या," ती म्हणाली. "मीच जाते."